‘ओके’वर थांबू नका

कामाच्या ठिकाणी आपण सांगून मोकळे होतो आणि समोरच्याला ते कळलं असं धरून चालतो. मीही वर्षानुवर्षं तसंच धरत आलो. आता मात्र माझं ठाम मत आहे की निरोप पोचला की नाही हे सांगणाऱ्याला ठरवता येत नाही. ऐकणाऱ्याच्या तोंडून तो परत ऐकेपर्यंत काहीच ठरलेलं नसतं. ‘हो’, ‘बघतो’, ‘ओके’ ही पोच फक्त आवाजाची असते, अर्थाची नव्हे.

याचा सर्वांत भीषण पुरावा विमानवाहतुकीत सापडतो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोदेओस विमानतळावर दाट धुकं होतं. केएलएमचं बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाला उभं होतं आणि पॅन ॲमचं दुसरं ७४७ अजून त्याच धावपट्टीवर होतं. टॉवरने केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. त्या सांगण्यात ‘टेकऑफ’ हा शब्द आला होता, पण ती निघण्याची परवानगी नव्हती. सहवैमानिकाने मार्ग परत म्हणून दाखवला आणि शेवटी ‘आम्ही आता टेकऑफला आहोत’ अशा अर्थाचे शब्द जोडले. टॉवरच्या समजुतीने विमान तयार होऊन उभं होतं. प्रत्यक्षात ते धावू लागलं होतं. टॉवर ‘ओके’ म्हणाला, मग थांबायला सांगितलं. पण नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमचा वैमानिकही बोलला, दोन्ही आवाज रेडिओवर एकमेकांत मिसळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्वच्छ ऐकू आला तो तेवढा ‘ओके’. ५८३ माणसं गेली. कोणी म्हणेल, तिथे निरोप परत म्हटला गेलाच होता की! खरं आहे, आणि म्हणूनच ही घटना इतकी बोलकी आहे. परत म्हणणाऱ्याचे शब्द संदिग्ध होते आणि ऐकणाऱ्याने ते तपासण्याऐवजी ‘ओके’ने मिटवले. पुढे ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक आला.

आपल्या कचेऱ्यांतली संदिग्धता याहून घरगुती असते, म्हणून ती नजरेआड होते. ‘हे पत्र आपण पाठवावं’ यातला ‘आपण’ कोण? मराठीत ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून, आणि आदराने बोलताना फक्त तुम्ही. ‘पाठवायचं आहे’ म्हटलं तर कर्ताच नाहीसा होतो. ‘परवाच्या बैठकीचे कागद’ म्हणजे झालेल्या बैठकीचे की होणाऱ्या? ‘परवा’ दोन्हीकडे चालतो. म्हणून नाव, वार, तारीख आणि वेळ बोलावी, आणि कामाचा शब्द एकाच अर्थाने वापरावा.

यावर नेहमीचा आक्षेप असा की अनुभवी माणसाला ‘परत सांगा’ म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. पण टेनेरिफचा केएलएमचा कॅप्टन त्या कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक होता. अनुभवाने कान चुकायचे थांबत नाहीत; उलट पुढचं वाक्य आधीच माहीत असल्यासारखं वाटू लागतं. आपल्या रेल्वेत, जिथे फाटक सिग्नलला जोडलेलं नसतं, तिथे ते बंद केल्यावर गेटमन स्टेशन मास्तरला त्याची खूण म्हणून ‘प्रायव्हेट नंबर’ देतो आणि तो नोंदवला जातो. त्यात कोणाला अविश्वास वाटत नाही, कारण ती रीत सगळ्यांना सारखीच लागू आहे. कचेरीतही साहेबांनी स्वतःपासून सुरुवात केली, ‘मी नीट सांगितलं का ते बघू, तुम्ही काय करणार ते सांगा’ असं म्हटलं, तर बोच उरत नाही. वेळ जातो म्हणावं, तर चुकीचं टेंडर मागे घेण्यात जाणारा वेळही मोजायला हवा.

अधिक अवघड भाग खालून वर बोलण्याचा. २५ जानेवारी १९९० रोजी आव्हियान्काचं विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळलं आणि ७३ जण दगावले. वैमानिकांनी ‘प्राधान्य’ मागितलं होतं, इंधन संपत आल्याचंही सांगितलं होतं. ‘आणीबाणी’ हा शब्द मात्र उच्चारला नव्हता, आणि नियंत्रकांना तर तोच शब्द हवा होता. आपल्याकडे ‘साहेब, जरा अडचण आहे’ हे तसंच मऊ वाक्य आहे. त्याऐवजी ‘माल शुक्रवारपर्यंत पोचणार नाही, आज दुपारी निर्णय घ्यावा लागेल’ असं म्हणावं. त्यात उद्धटपणा नाही. आणि ज्याच्या हाती निर्णय आहे त्याने ‘काही शंका?’ असं विचारून पुढे जाऊ नये, कारण त्याचं उत्तर नेहमी ‘नाही’ असतं. ‘यातलं काय फिसकटू शकतं असं तुम्हाला वाटतं?’ असं विचारावं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावं.