भंगारातला पंखा, नवी वायर

प्रश्न : माझ्याकडे ९७० सीसीची जुनी मारुती जिप्सी आहे. आंब्याच्या मोसमात बागेतून पेट्या भरून कातळावरचा चढ 'लो'मध्ये काढला की टेंपरेचरचा काटा वर जातो. वर पोचल्यावर पेट्या उतरवेपर्यंत इंजिन चालू ठेवलं, तर आणखीच वर. भंगारवाल्याकडे मारुती ८००चा विजेवरचा रेडिएटर फॅन मिळतो आहे. जिप्सीचा पट्ट्यावरचा पंखा काढून तो बसवता येईल का? मेकॅनिक म्हणतो, दोन वायरी बॅटरीला जोडल्या की झालं.
– एक बागायतदार, पूर्णगड

उत्तर : पंखा बसेल आणि फिरेलही, पण दोन वायरींवर भागणार नाही. मोटर भंगारातली चालेल. तिला वीज पोचवणारी वायर, फ्यूज, रिले आणि उष्णतेवर चालणारा स्विच मात्र नवेच घ्या.

दोन्ही गाड्या मारुतीच्याच असून पंखे वेगळे का, हे आधी पाहू. जिप्सीचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेलं आहे. त्याचं पुढचं टोक रेडिएटरसमोर येतं, म्हणून वॉटर पंपाच्या पुलीवरच पंखा लावता येतो. १९८३ साली आलेल्या मारुती ८००चं ७९६ सीसीचं इंजिन आडवं. त्याची पुली चाकाकडे तोंड करून असते. तिथून पट्ट्यानं रेडिएटरचा पंखा फिरवणं अवघड, म्हणून कंपनीनं त्याला स्वतंत्र मोटर दिली. भंगारात विजेचे पंखे मुबलक मिळतात, ते अशा आडव्या इंजिनांच्या गाड्यांमुळेच.

आता तुमचा चढ. पट्ट्यावरचा पंखा इंजिनच्या फेऱ्यांनुसार फिरतो, गाडीच्या वेगानुसार नाही. 'लो'मध्ये गाडी माणसाच्या चालीनं चढत असली तरी इंजिन जोरात फिरत असतं, म्हणजे पंखाही जोरात. तरीही काटा चढत असेल, तर दोष पंख्यापलीकडे असू शकतो. वर उभं राहिल्यावर मात्र इंजिन मंद होतं, पंखा मंदावतो आणि समोरून वाराही नसतो. विजेचा पंखा खरा कामाला येतो तो इथे, कारण इंजिन मंद असलं तरी त्याची गती जवळपास तीच राहते. तुमच्या तक्रारीचा उत्तरार्ध त्यानं नक्की सुधारेल. पूर्वार्धासाठी आधी बाकीची तपासणी करा.

रेडिएटरच्या जाळीत जांभ्याची लाल धूळ आणि गवताचं कूस बसलं आहे का ते पाहा. असेल तर इंजिनकडच्या बाजूनं पुढे, हलक्या धारेनं धुवा. पट्टा सैल आहे का ते बघा, कारण तोच वॉटर पंपही फिरवतो. रेडिएटरचं झाकण तपासा. ०.९ बारचा दाब धरणाऱ्या झाकणाखाली साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग गेलेलं झाकण असेल तर ते १०० अंशांनाच उसळी मारतं. (गरम असताना झाकण उघडू नका.) खाडीकाठच्या विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये ओतत असाल तर ते बंद करून क्षारविरहित पाणी आणि कूलंट वापरा. गाडी सपाट रस्त्यावर वेगात असतानाही गरम होत असेल, तर वारा कमी पडत नसून पाणी नीट खेळत नाही. तिथे कुठलाच पंखा उपयोगाचा नाही.

एवढं करूनही पंखा हवाच असेल, तर निवड ठीक आहे. ७९६ सीसीच्या इंजिनाचा पंखा ९७० सीसीला थोडा लहान पडेल, पण उभ्या गाडीला पुरावा. तुमची गाडी १२९८ सीसीची जिप्सी किंग असती, तर तेवढ्याच सीसीच्या एस्टीमचा पंखा शोधा असं म्हटलं असतं. पंख्याबरोबर त्याचं गोल आवरणही मागून घ्या. ते नसेल तर पंखा आपल्या पात्यांपुरत्याच जाळीतून हवा ओढतो आणि कोपरे तापलेलेच राहतात.

विकत घेण्याआधी पातं हातानं फिरवा. खरखर किंवा आडवा हेलकावा जाणवला तर बुश गेलेलं आहे. मग बॅटरीवर चालवून किती अँपिअर खातो ते मोजा. मोजताना क्लॅम्प मीटर डीसी करंट दाखवणारा हवा, कारण घरगुती वायरमनकडचे पुष्कळसे मीटर फक्त एसीच मोजतात. सुरू होतानाचा झटका स्थिर आकड्याच्या दुपटी-तिपटीवर जातो. तो सोडून काटा स्थिरावला की आकडा लिहून घ्या. पुढचं सगळं वायरिंग याच आकड्यावर ठरतं.

समजा, आकडा १२ अँपिअर आला आणि बॅटरीपासून पंख्यापर्यंत जाऊन-येऊन ५ मीटर तांबं लागलं. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे एक व्होल्ट वाटेतच जातो आणि त्याची १२ वॉट उष्णता वायरीत मुरते. पंखा मंद आणि वायर गरम, अशी दुहेरी खोट. ४ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर घट पाव व्होल्टच्या आसपास येते. फ्यूज २० अँपिअरचा चालेल. तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवा. फ्यूज पंख्याचा नव्हे, वायरीचा राखणदार असतो. तो पंख्याजवळ लावला आणि अलीकडे वायर घासून चासीला टेकली, तर बॅटरीचा सगळा जोर त्या वायरीवर येईल आणि आग लागेल.

पंखा बसवायचा रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या बाजूला, कारण मारुती ८००चा पंखा हवा ओढणारा आहे. पुढे लावून वायरी उलट केल्या तर मोटर उलटी फिरते, पण पात्यांची वळणं उलट होत नाहीत आणि हवा निम्म्यानं बसते. बसवल्यावर रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर कागद धरा. तो चिकटून राहिला तर दिशा बरोबर आहे. जाळीतून प्लास्टिकच्या काड्या ओवून पंखा बांधू नका. खडबडीत वाटेवर त्या नळ्या कापतात. रेडिएटरच्या बाजूच्या चौकटीला लोखंडी पट्ट्या लावा आणि मध्ये रबरी बुश घाला. आणखी एक: जुना पंखा काढल्यावर तेच लांब बोल्ट परत आवळले तर ते बुडाशी टेकतात आणि पुली सैलच राहते. आखूड बोल्ट किंवा योग्य जाडीचे वॉशर घाला. काढलेला पंखा आणि बोल्ट गाडीतच ठेवा.

उष्णतेचा स्विच ९२ अंशांना लागणारा आणि ८७ला सुटणारा, अशा जातीचा घ्या आणि वरच्या होजमध्ये धातूचा तुकडा घालून त्यात बसवा. त्याचा आकडा थर्मोस्टॅट उघडण्याच्या आकड्याहून वरचा हवा, नाहीतर पंखा थांबणारच नाही. एकाच टोकाचा स्विच अर्थ घेतो तो आपल्या अंगातून. दोन्हीकडून रबरी होज असल्यानं त्या तुकड्याला अर्थ मिळत नाही, म्हणून त्याच्यावर वेगळी अर्थची वायर आवळा. पंखा 'नवा असून लागत नाही' अशा तक्रारींमागे पुष्कळदा एवढंच असतं.

शेवटी खारा वारा. पूर्णगडात साधी तांब्याची तार आतल्या आत हिरवी पडते आणि बाहेरचं आवरण मात्र धडधाकट दिसतं. कथिलाचा मुलामा दिलेली वायर मिळाली तर उत्तम. टोकं दाबून बसवलेल्या लगची असू द्यात, वर डिंक असलेली आकसणारी नळी चढवा. नुसती पीळ मारून टेप गुंडाळलेली जोडणी एक पावसाळाही काढणार नाही. रिले टोकं खाली करून लावा, म्हणजे पाणी आत साचत नाही. इंजिन थोडं वाढवून, हेडलाइट आणि पंखा दोन्ही चालू असताना बॅटरीवर १३ व्होल्टच्या वर दिसायला हवेत. त्याखाली गेले तर अल्टरनेटरला हा बोजा झेपत नाही.

प्रश्न : रिलेच्या बुडाशी ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. १, २, ३, ४ का नसतात?

उत्तर : ते क्रमांक नाहीत, नेमणुका आहेत. डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकानं गाडीतल्या प्रत्येक कामाच्या टोकाला आकडा दिला. ३० म्हणजे थेट बॅटरीचं धन टोक, १५ म्हणजे किल्लीनंतरचं, ३१ अर्थ, ५० स्टार्टरकडे जाणारं. रिलेत ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची टोकं आणि ८७ बाहेर पडणारी वीज. तुमच्या पंख्यासाठी : फ्यूजमधून आलेली जाड वायर ३०ला, पंखा ८७ला, किल्लीनंतरची बारीक वायर ८६ला आणि ८५पासून उष्णतेच्या स्विचमार्गे अर्थ. कॉइल अँपिअरचा जेमतेम पाचवा हिस्सा घेते, म्हणून पंख्याचा भार त्या नाजूक स्विचवर पडत नाही. थेट दोन वायरींच्या सल्ल्यात नेमकं हेच राहून जातं.

प्रश्न : पावसाळ्यात पऱ्या ओलांडताना पंखा बंद करावा का?

उत्तर : करावा. पाण्यात पातं अडकलं की मोटर भरमसाट करंट ओढते आणि फ्यूज उडतो किंवा गुंडाळी जळते. पट्ट्यावरचा पंखा तर पाण्यात पुढे वाकून रेडिएटरच फाडू शकतो. ८५च्या वायरीत डॅशबोर्डवरचा एक स्विच घाला म्हणजे पंखा हवा तेव्हा थांबवता येईल. ही सोय गोड्या पाण्यासाठीच. खाडीपलीकडे गावखडीच्या पुळणीवर गाडी नेऊच नका. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि खारं पाणी ब्रेक-बेअरिंगांत शिरतं ते वेगळंच.

पलीकडे गेल्यावर स्विच पुन्हा लावायचं राहून जातं. म्हणून ८७वरून डॅशबोर्डवर एक बारीक दिवा घ्या. तो लागला म्हणजे पंख्याकडे वीज निघाली एवढंच कळतं, पंखा फिरतो आहे असं नाही. काट्यावरची नजर हटवू नका.