हुकमी चढाईपटू गेला, आता काय?

प्रश्न : आमच्या कबड्डी संघाचा हुकमी चढाईपटू नोकरीसाठी पुण्याला गेला. संघ पुन्हा कसा बांधावा? – एक वाचक, आष्टी (ता. परतूर, जि. जालना)

उत्तर : त्याच्यासारखा दुसरा शोधत बसू नका; चढायांचा भार तिघांत वाटा. पुणेरी पलटणने २०२१-२२ च्या प्रो कबड्डीत अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नवख्यांना उतरवले. पुढे पंकज मोहितेसह तिघांनी चढाया सांभाळल्या, तर पकडींना इराणचा शादलू होता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पलटण प्रथमच विजेती ठरली.

तुम्ही आधी दोन्ही कोपरे पक्के करा. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो, त्याच क्षणी कोपरारक्षकाने घोटा धरायचा आणि शेजाऱ्याने लगेच झडप घालायची. ही जोडी रोज घोटून घ्या. मैदानात तीन किंवा कमी गडी उरले, तर यशस्वी पकडीला दोन गुण मिळतात. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण हवाच, नाहीतर गडी बाद. त्या चढाईसाठी थंड डोक्याचा गडी राखून ठेवा.

एक हंगाम धीर धरा. गडी गेला म्हणून संघ संपत नाही.