मारिओचे बिऱ्हाड फोनवर का हलत नाही?

प्रश्न : मी केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त दिल्लीत आलो आणि इथलाच झालो. द्वारकेत राहतो. मेट्रोच्या ब्लू लाइनवर पाहावे तर डब्यातली निम्मी माणसे फोनवर गेम खेळत असतात. तरी माझा नातू हटून बसला आहे, की पालिका बाजारातून निनटेंडो स्विचच हवा, कारण ‘खरा मारिओ’ फोनवर नाही. फोन घरोघरी आहे, तर जपानी कंपन्या आपले उत्तम गेम सरळ फोनवर का आणत नाहीत? वेगळे यंत्र विकत का बसतात? आणि फोनवरचे गेम फुकट असतात, तर त्यांचा खर्च कोण भागवतो?
— एक वाचक, नवी दिल्ली

उत्तर : काका, आपल्या पत्रात तीन शंका आहेत आणि तिन्ही एकमेकींत गुंतल्या आहेत. शेवटची आधी सोडवली, की पहिल्या दोन बऱ्याच सैल होतात. म्हणून उलट्या टोकाने सुरुवात करू.

जपानमध्ये दुकानांबाहेर एक यंत्र दिसते. नाणे टाकायचे, दांडा फिरवायचा, की एक गोल डबी खाली पडते. आत कोणते खेळणे निघेल ते नशिबावर. दांडा फिरताना जो आवाज होतो त्यावरून त्याला ‘गाचा’ म्हणतात. फोनवरच्या कित्येक जपानी गेमांत हेच यंत्र चित्ररूपाने बसवलेले असते. गेम फुकट, पण त्यातला दुर्मीळ योद्धा हवा असेल तर पैसे देऊन दांडा फिरवा. आपल्याकडे बिग फन च्युइंगमच्या वेष्टनात क्रिकेटची चित्रे यायची आणि त्यांवरच्या धावा जमवण्यासाठी मुले जबडा दुखेपर्यंत चघळायची, त्याच जातीची ही क्लृप्ती. बहुसंख्य खेळाडू एक येनही देत नाहीत. थोडे जण देतात ते मात्र हात सैल सोडून, आणि त्या थोड्यांच्या जिवावर बाकीच्यांचे फुकट खेळणे चालते.

हा व्यवहार किती फोफावला पाहा. गंगहो या कंपनीचा ‘पझल अँड ड्रॅगन्स’ फेब्रुवारी २०१२ मध्ये आला आणि मे २०१३ मध्ये, मुख्यतः त्या एका गेमच्या जोरावर, कंपनीचे बाजारमूल्य काही काळ चक्क निनटेंडोच्या पुढे गेले. दुसरीकडे २०१२ मध्येच जपानच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘कोम्पू गाचा’ बेकायदा ठरवला. त्यात अख्खा संच जमवला तरच मोठे बक्षीस मिळत असे. साधा गाचा मात्र राहिला. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने हे सगळे बंद झाले, असे काही जण समजतात. तसे नाही. त्या बंदीचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. गाचात मिळालेला योद्धा मोडून रोकड हाती येत नाही. तिथे पैसे एकाच दिशेने वाहतात.

आता मुख्य मुद्दा. कन्सोलवरचा गेम आणि फोनवरचा गेम यांत फरक पडद्याच्या आकाराचा आहे, असे आपल्याला वाटते. खरा फरक धंद्याचा आहे. कन्सोलचा मोठा गेम म्हणजे लग्नाची पंगत. चार-पाच वर्षे तयारी, शेकडो माणसे राबतात, एका ठरलेल्या तारखेला पाने मांडली जातात आणि पैसे एकदम वसूल होतात किंवा बुडतात. फोनवरचा गेम म्हणजे खानावळ. पहिल्या दिवशी साधेच वाढले तरी चालते, पण मग रोज चूल पेटवावी लागते. दर आठवड्याला नवा कार्यक्रम, नवा योद्धा, सणासुदीची सजावट. दोनदा तीच भाजी वाढली, की गिऱ्हाईक समोरच्या खानावळीत. त्यामुळे मोबाइल गेम म्हणजे स्वस्तातले आणि सोपे काम, हाही गैरसमजच. पंगतीचा आचारी खानावळ चालवू शकेलच असे नाही, आणि उलटही नाही.

निनटेंडोला हे अनुभवातून कळले. मार्च २०१५ मध्ये कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी डीएनए नावाच्या मोबाइल कंपनीशी करार जाहीर केला. त्याच पत्रकार परिषदेत त्यांनी ‘एनएक्स’ या सांकेतिक नावाचे नवे यंत्र तयार होत असल्याचेही सांगून टाकले; फोनकडे निघालो म्हणजे कन्सोल सोडले, असे कुणी म्हणू नये म्हणून. तो एनएक्स म्हणजेच आपल्या नातवाचा स्विच.

आणि मारिओ फोनवर आला होता बरे का. डिसेंबर २०१६ मध्ये ‘सुपर मारिओ रन’ आला, तोही एका हाताने खेळता येईल असा. दुसरा हात मेट्रोच्या कडीला धरायला मोकळा, असे आपण समजू. सुरुवातीचे टप्पे फुकट, पुढचा सगळा गेम एकदाच ९.९९ डॉलर देऊन, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेसहाशे रुपयांच्या वर. गाचा नाही, हप्ते नाहीत, पंगतीसारखा सरळ व्यवहार. पहिल्या चार दिवसांत चार कोटी लोकांनी तो उतरवून घेतला. ऑक्टोबर २०१७ पर्यंत हा आकडा २० कोटींवर गेला, आणि तेव्हा कंपनीने स्वतःच कबूल केले की समाधानकारक नफा अजून झालेला नाही. लोकांनी फुकटचे टप्पे खेळले आणि पैशाचे दार दिसताच ते मागे वळले. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या ‘फायर एम्ब्लेम हीरोज’ने मात्र, खेळणारे कितीतरी कमी असूनही, गाचाच्या बळावर भरपूर कमावले. निनटेंडोची पंचाईत समजून घ्या. जो मार्ग कंपनीला पसंत होता तो फोनवर चालेना, आणि जो चालत होता तो ‘सुपर मारिओ रन’ला लावणे तिला तेव्हा प्रशस्त वाटेना. माझ्या मते हा संकोच तिच्या हिताचाच ठरला.

कारण निनटेंडोचे पोट यंत्रावर आहे. यंत्र तिचे, त्यावरचे दुकान तिचे. फोनवर विकायचे तर ॲपल किंवा गूगलला बहुधा ३० टक्के मोजावे लागतात. स्विचवर असा वाटा निनटेंडोच इतरांकडून घेते. शिवाय मारिओसाठी लोक यंत्र घेतात आणि यंत्र घेतले म्हणून आणखी चार गेम घेतात. तोच मारिओ तसाच्या तसा फोनवर दिला, तर यंत्र कोण घेईल? मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात निनटेंडोची एकूण विक्री सुमारे १,६७२ अब्ज येन होती. त्यात मोबाइल आणि पात्रांच्या हक्कांचे उत्पन्न मिळून ९३ अब्जांच्या आसपास, आणि तेही मारिओचा चित्रपट गाजला त्या वर्षी. म्हणजे फोन ही निनटेंडोच्या दुकानाची पाटी आहे. पाटी ठळक हवी, पण गल्ला आत असतो.

इथे कुणीतरी हमखास विचारतो, ‘मग पोकेमॉन गो?’ तो निनटेंडोचा नव्हेच. २०१६ मध्ये तो आणला अमेरिकेच्या नायँटिक कंपनीने. भारतात तो त्याच डिसेंबरमध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने आला. निनटेंडोचा पोकेमॉन कंपनीत हिस्सा आहे. पण जुलै २०१६ मध्ये शेअर बाजारानेही हीच गल्लत केली. निनटेंडोचा शेअर काही दिवसांत दुपटीवर गेला. मग कंपनीने शांतपणे खुलासा केला, की या गेमचा आमच्या उत्पन्नावर परिणाम मर्यादित असेल. लगेचच्या सोमवारी शेअर एका दिवसात सुमारे १८ टक्के आपटला. तेव्हा ही चूक आपल्या हातून झाली असेल तर मनाला लावून घेऊ नका.

बाकीच्यांनी काय केले? कोनामीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. हे नाव आपल्या चिरंजीवांना विचारा. नव्वदीत टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांवर जो ‘कॉन्ट्रा’ घरोघरी खेळला गेला, तो कोनामीचाच. २०१५ मध्ये या कंपनीने भविष्य मोबाइलमध्येच आहे असे ठरवून टाकले. त्याच वर्षी ‘मेटल गिअर’चे कर्ते हिदेओ कोजिमा बाहेर पडले. पुढे तिने आपला फुटबॉलचा गेम ‘ईफुटबॉल’ नावाने फुकट केला. बेत असा, की फोन, कन्सोल आणि संगणक, सगळीकडे एकच गेम चालावा. ३० सप्टेंबर २०२१ ला तो कन्सोल-संगणकावर आला तेव्हा नामवंत खेळाडूंचे चेहरे असे वेडेवाकडे दिसत होते, की जगभर थट्टा झाली आणि कंपनीला माफी मागावी लागली. दोन डगरींवर पाय ठेवायला गेले की तोल असा जातो. पण गोष्ट इथे संपली नाही. पुढे दुरुस्त्या होत तोच गेम फोनवर छान रुळला, आणि २०२४ मध्ये ‘सायलेंट हिल २’ नव्या रूपात आणून कोनामी पंगतीच्या धंद्यातही परतली. त्या गेमचा स्वयंपाक मात्र पोलंडच्या ब्लूबर टीमकडून करून घेतला.

स्क्वेअर एनिक्सने एकाच वेळी फार खानावळी उघडल्या आणि एकामागून एक बंद केल्या. बंद म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. कन्सोलचा गेम कपाटात राहतो. वीस वर्षांनी लावला तरी चालतो. फोनवरच्या अशा गेमचा सर्व्हर बंद झाला, की पैसे देऊन मिळवलेले योद्धे त्याच्याबरोबर जातात. मे २०२४ मध्ये या कंपनीने संख्या कमी करून दर्जा सांभाळण्याचे धोरण जाहीर केले. निनटेंडोने ‘ॲनिमल क्रॉसिंग : पॉकेट कॅम्प’ बंद करताना जास्त माणुसकी दाखवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन सेवा संपवली, पण एकदाच पैसे देऊन इंटरनेटशिवाय खेळता येईल अशी आवृत्ती दिली. खानावळ बंद झाली तरी जेवणाऱ्यांच्या हाती डबा आला.

कॅपकॉमने तिसरीच वाट धरली. आपली माणसे कन्सोल आणि संगणकाच्या मोठ्या गेमांवर ठेवायची आणि फोनचे काम दुसऱ्याला द्यायचे. सप्टेंबर २०२३ मधला ‘मॉन्स्टर हंटर नाऊ’ नायँटिककडून करून घेतला तो असा. उलट सायगेम्स फोनवर मोठी झाली आणि ‘ग्रॅनब्लू फँटसी’ घेऊन कन्सोलवर उतरली. म्हणजे वाहतूक एकाच दिशेने नाही.

बंदाई नामकोचे उदाहरण तर आपल्या अंगणातले. तिच्या ‘पॅक-मॅन’च्या अधिकृत मोबाइल गेममागची तांत्रिक यंत्रणा पुण्याच्या सुपरगेमिंगने पुरवली. लक्षावधी लोक एकाच वेळी खेळत असताना सर्व्हर, गुणफलक आणि हिशेब सांभाळायचा, हे खास खानावळीचे कसब. ते पुण्यात मिळाले, तर तोक्योत सगळे उभारायचे कशाला? गुरुग्रामला २००४ मध्ये सुरू झालेली लक्ष्य डिजिटल दुसऱ्या बाजूचे काम करते. मोठ्या गेमांतली झाडे, गाड्या, शस्त्रे, चिलखते यांची चित्रे तिथले कलाकार घडवतात. तिला २०१४ मध्ये आयर्लंडच्या कीवर्ड्‌स स्टुडिओजने विकत घेतले. पंगतीची भाजी चिरायला माणसे लागतात, ती अशी देशोदेशी बसलेली असतात.

राहिला पालिका बाजार. २००८ च्या सुमारास निनटेंडोची यंत्रे नोएडाच्या एचसीएल इन्फोसिस्टिम्समार्फत भारतात रीतसर येत होती. २०१७ मध्ये स्विच आला तेव्हा मात्र असे वितरण इथे नव्हते. म्हणून तो आयात करणाऱ्या दुकानदारांच्या कपाटातून मिळू लागला. कारण उघड आहे. फोन माणूस कामासाठी घेतो आणि त्यावर गेम आयता चालतो. कन्सोल फक्त खेळासाठी घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोनीचा प्लेस्टेशन ५ भारतात आला तो ४९,९९० रुपयांना. एवढ्या पैशांत मध्यमवर्गीय घर आधी शीतकपाटाचा विचार करते. यातली गंमत अशी, की पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’, दुर्गेचे वरदान लाभलेल्या मुलीची गोष्ट, ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी आला तो निनटेंडो स्विचवरच. आणि निनटेंडोच्या ऑनलाइन दुकानाच्या देशांच्या यादीत तेव्हा भारत नव्हता. पुण्याचा गेम पुणेकरालाच आडवाटेने घ्यावा लागला. पुढे तोही नेटफ्लिक्समार्फत फोनवर आला.

तेव्हा नातवाचे म्हणणे बरेचसे खरे आहे. घ्यायचाच ठरला तर दुकानदाराकडून दुरुस्तीची हमी कोण देणार ते बिलावर लिहून घ्या. गेम कोणत्या देशातून आणला याची फार काळजी नको; स्विचवर ते बहुधा कुठलेही चालतात. आणि जाताना त्याच्या फोनवर ‘सुपर मारिओ रन’ उतरवून घ्या. फुकटचे टप्पे द्वारकेहून राजीव चौक येईपर्यंत सहज संपतील. फक्त त्या गेमला इंटरनेट लागते, आणि राजीव चौकाजवळ मेट्रो भुयारातून जाते.