टेप लायब्ररीच्या डेटाबेसमधील सेटिंग कशी बदलावी?



सोलापूरच्या पूर्व भागातून जाताना यंत्रमागांचा खडखडाट तुम्ही ऐकलाच असेल. नक्षीची चादर विणणाऱ्या मागावर जॅकार्ड असतो. त्यावर भोके पाडलेल्या कार्डांची माळ फिरते, भोकांप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जातात आणि नक्षी उमटते. आता सांगा बरं, कार्डे बदलली तर काय होईल? पुढची नक्षी बदलेल. विणून झालेली चादर मात्र आहे तशीच राहील. आजचा धडा एवढ्यातच आहे.

बँका, विमा कंपन्या मेनफ्रेमवरील माहिती टेप कार्ट्रिजवर साठवतात. कोणती टेप कुठे आहे, तिच्यावर काय आहे, ती किती दिवस जपायची, या नोंदी आयबीएमच्या डीएफएसएमएस-आरएमएममध्ये ‘कंट्रोल डेटा सेट’ या डेटाबेसात असतात. नियम मात्र वेगळ्या ठिकाणी, पार्मलिबमधील ‘ईडीजीआरएमएम’ मेंबरमध्ये लिहिलेले असतात. नियम म्हणजे कार्डे, नोंदी म्हणजे विणलेली चादर.

समजा, जॉबमध्ये मुदत दिली नसेल तर टेप ५ दिवस जपायची, असा नियम आहे. आपल्याला ३० दिवस हवेत. मग काय कराल?

१. आधी कंट्रोल डेटा सेटचा बॅकअप घ्या. इथे घाई नको.

२. चालू मेंबरला हात लावू नका. त्याची प्रत काढा, नावाच्या शेवटी ०२ द्या आणि ऑप्शनमधील ‘आरईटीपीडी’ ५ वरून ३० करा.

३. कन्सोलवरून मॉडिफाय आदेशाने ०२ हा मेंबर लागू करा. त्यासाठी आरएमएम बंद करावे लागत नाही.

४. लिस्टकंट्रोल आदेश देऊन ३० दिसतात का ते पाहा.

५. आरएमएम सुरू करणाऱ्या प्रोसीजरमध्येही ०२ लिहा. नाहीतर पुढच्या वेळी सुरू होताना जुनाच नियम परत येईल.

झालं काम? नाही! खरी चूक इथेच होते. स्क्रीनवर ३० दिसले की आपण निश्चिंत होतो. पण काल लिहिलेल्या टेपच्या नोंदीत ५ दिवसांचीच मुदत आहे. ती संपली की हाऊसकीपिंगच्या वेळी टेप मोकळी होते, म्हणजे ‘स्क्रॅच’ ठरते. मग दुसरा एखादा जॉब तिच्यावर लिहितो आणि आधीची माहिती कायमची जाते. म्हणून जुन्या टेपांची यादी काढा आणि ज्या जपायच्या आहेत त्यांची मुदत चेंजव्हॉल्यूम आदेशाने वाढवा.

थोडक्यात, सेटिंग बदलताना स्वतःला दोन प्रश्न विचारा: उद्यापासून काय बदलेल? आणि कालपर्यंतच्या नोंदींचं काय?

स्वाध्याय: आता ३० चे पुन्हा ५ केले, तर मधल्या काळात लिहिलेल्या टेपा सहाव्या दिवशी स्क्रॅच होतील का? चादर आठवा आणि कारणासह उत्तर लिहा.