भट्टीवरची घट आणि भावाचा हिशेब

अमेरिकेतील टेक्सास राज्यात डल्लास शहराला लागून अर्विंग हे उपनगर आहे. भारतीय, पाकिस्तानी, मेक्सिकन अशा अनेक समाजांचे लोक तेथे राहतात. तेथील 'काफी बार्बेक्यू' हे हॉटेल हलाल मांस टेक्सास पद्धतीने धुरावर शिजवून विकते.

या पद्धतीचा मुख्य माल म्हणजे ब्रिस्केट, गुरांच्या छातीचे मांस. लाकडाच्या मंद आचेवर ते १२ ते १४ तास ठेवावे लागते. चरबी छाटून आणि शिजून १० किलोचे साधारण ५ किलोच हाती येते. समजा, कच्चा माल किलोला १० डॉलरने घेतला, तर तयार मालाची खरेदीच २० डॉलरला पडली. लाकूड, मजुरी, भाडे आणि नफा त्यावर वेगळा. कोऱ्या कापडाचा आट न धरता भाव सांगणारा बुडतो, तसेच येथेही होते.

म्हणून जाणता भट्टीवाला तयार वजनावर विकतो, मोजकेच शिजवतो आणि माल संपताच तशी पाटी लावतो. उरलेला माल नफा खातो.

व्यापारी बांधवांनो, धंदा कबाबचा असो, चामड्याचा असो की लाकूडकामाचा, आधी घट लिहा, मग भाव सांगा.