साडेपाचच्या आत गोंदिया

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. गोंदियात तो साडेपाचच्या आधीच जातो, कारण आपण महाराष्ट्राच्या पार पूर्वेच्या टोकाला राहतो. लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे सल्ले आपल्याकडे येतात ते बहुतेक पुण्या-मुंबईहून, आणि त्यांत हा अर्धा तास कुणी धरलेला नसतो. आमच्या गटाची गोंदिया–नवेगावबांध–गोंदिया सफर नेमकी याच अर्ध्या तासात अडकली. सायकली चांगल्या होत्या, पाय तयार होते, कुणी पडलंही नाही. दिवस खाल्ला तो किरकोळ कारणांनी.

जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या वर अंतर होतं. रस्ता सरळ: गोरेगाव, मुरदोलीचं जंगल, कोहमारा, तिथे महामार्ग ओलांडायचा की पुढे नवेगावबांध. घाट नाही. म्हणूनच हिशेब चुकतो. सगळे सरासरी वेग मोजतात, थांबे कुणी मोजत नाही.

पहिला थांबा तणसामुळे झाला. या दिवसांत आपल्याकडे धानाची मळणी चालू असते. गावाजवळच्या डांबरी रस्त्यावर धान वाळत घातलेलं असतं, आजूबाजूला तणस पडलेलं असतं. ते लांब, चिवट काड्यांचं असतं. मागच्या चाकाच्या दात्यांत शिरलं की दोरीसारखं वळतं. आमच्यातला एक जण गिअरची नवी सायकल घेऊन त्यावरून तसाच पॅडल मारत गेला. मागून कडकड आवाज आला तरी त्याने जोर लावला. धान उलटवणारे एक काका ओरडले, "वढू नोका जी, तुटंल!" तोवर तुटलं होतं. मागचा गिअर ज्या पातळ तुकड्याला टांगलेला असतो तो हँगर मुद्दामच नरम धातूचा करतात. सायकलची चौकट वाचावी म्हणून तो आधी मोडतो. पण तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा, आणि गोरेगावात काय, गोंदियातही मिळेलच असं नाही. शेवटी गावातल्या मिस्त्रीने चेन तोडून आखूड केली आणि ती सायकल एका गिअरवर चालती केली. साध्या काळ्या सायकली दुरुस्त करणारा माणूस, पण हात असा की बघत राहावं. तेव्हा तणस दिसलं की उतरा आणि सायकल उचलून पलीकडे न्या. धानावरून तर चाक घालूच नका. तो कुणाच्या तरी वर्षभराच्या पोटाचा माल आहे. अडकलंच तर पॅडल थांबवून काडी-काडी हाताने काढा. हँगर आणि चेन तोडायचं छोटं हत्यार पिशवीत ठेवा, दोन्ही मिळून मूठभर होतात.

मग काटे. बांधांवर बाभळी आहेत, सावलीसाठी सायकल रस्त्याच्या कडेला उतरवली की पंक्चर ठरलेलं. गटाकडे जादा ट्यूब होत्या, पण त्या 26 इंची चाकाच्या आणि पंक्चर झालेलं चाक 700 मापाचं. पंक्चरवाल्याकडे गेलो तर त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्या बारीक व्हॉल्व्हवर बसेना. पितळेचं एक इवलंसं अडॅप्टर मिळतं, ते एकाकडे असतं तर पाऊण तास वाचला असता. 'गटात कुणाकडे तरी असेल' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. आपल्या मापाची ट्यूब, आपला पंप आपल्याच पाठीवर हवा. निघण्याआधी एकदा घरी चाक उघडून बघा. रस्त्यात शिकायची ती गोष्ट नव्हे.

कोहमाऱ्याला पुढची तुकडी मागच्यांसाठी थांबली नाही. या चौकात उजवीकडे साकोली, डावीकडे देवरी. मागे एकटा राहिलेला गडी गुळगुळीत महामार्ग पाहून देवरीच्या अंगाला लागला. फोन लागेना, आणि तो परत येईपर्यंत दोन चहा झाले. वाट फुटते तिथे सगळे जमल्याशिवाय कुणी हलू नये, आणि शेवटचा माणूस गटातला सर्वांत अनुभवी असावा. आपल्याकडे उलट होतं. जोरदार गडी पुढे, नवखा मागे एकटा.

नवेगावबांधला पोचलो तेव्हा परत फिरायला हवं होतं ती वेळ टळली होती. पण अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळींनी बांधलेला एवढा मोठा तलाव, हिवाळ्यात उतरलेले पक्षी, आणि मारुती चितमपल्लींची पुस्तकं वाचलेले दोघेतिघे सोबत. त्यांना तिथून उठवणार कोण? वर आलूबोंडा-रस्सा भरपेट. तिखट रस्सा पोटात घेऊन उन्हात पासष्ट किलोमीटर चालवून बघा, मग पोटरीत गोळे का येतात ते विचारावं लागत नाही. केळी, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखरेचं पाणी एवढं पुरतं.

मुरदोलीच्या जंगलात अंधाराने गाठलं, आणि माझ्या मते धोका खरा इथे होता. हा नागझिरा आणि नवेगावच्या मधला वन्यप्राण्यांचा येण्याजाण्याचा पट्टा आहे. 2013 साली हे दोन्ही भाग मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. 2023 च्या ऑगस्टमध्ये याच रस्त्यावर गाडीच्या धडकेने एक वाघ दगावला. वाघाची भीती घालत नाही. रानडुक्कर किंवा चितळ आडवं आलं तरी सायकलस्वार उताणा होतो. त्यातून धानाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बऱ्याच जणींना मागे दिवा नसतो. आमच्यात मागचा लाल दिवा मोजक्यांकडेच होता. सगळ्यांना मधे घेऊन, दिवेवाले पुढे-मागे ठेवून, गोगलगायीच्या गतीने गोरेगाव गाठलं.

म्हणून अंतर ठरवू नका, परतायची वेळ ठरवा. सकाळी धुकं असलं तरी सहाला दिवे लावून निघा. दुपारी बारा वाजता जिथे असाल तिथून गोंदियाकडे वळा, मग नवेगाव चार किलोमीटरवर राहिलं असलं तरी. एखादा छोटा हत्तीवाला आदल्या दिवशीच बोलून ठेवा, भाडं सगळ्यांत वाटून घ्या. आणि साडेतीननंतर कोहमाऱ्याला पोचलात, तर सायकली गाडीत टाका. तिथून पुढे पॅडल मारू नका.