प्रशासकासही प्रवेश का नाकारला जातो?

घरातील जुना संगणक बंद पडला म्हणजे त्यातील डिस्क काढून ती नव्या संगणकास जोडण्याचा उपाय पुष्कळ ठिकाणी केला जातो. कुटुंबाची छायाचित्रे, मुलांचा अभ्यास, हिशेबाचे कागद असे बरेच काही त्या डिस्कवर असते. परंतु जुन्या खात्याचे फोल्डर उघडावयास जावे, तो पडद्यावर सूचना उमटते की, येथे प्रवेश करण्याची आपणास तूर्त परवानगी नाही. संगणक स्वतःचा, छायाचित्रे स्वतःची, आणि खातेही प्रशासकाचे. मग ही मनाई कोणाची? हे न समजता केलेला उपाय कित्येकदा मूळ अडचणीहून घातक ठरतो. म्हणून या नकाराचे कारण विंडोज या प्रचलित प्रणालीच्या आधारे पाहू.

यादीची उत्पत्ती

एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, ही कल्पना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६१ मध्ये सीटीएसएस या प्रणालीने प्रत्यक्ष करून दाखविली. यंत्र सामाईक झाले, तेव्हा एकाचे कागद दुसऱ्यापासून राखणे आवश्यक झाले. पुढे १९६५ मध्ये हाती घेतलेल्या मल्टिक्स या प्रणालीत, कोणास काय करण्याची मुभा आहे याची यादी फाइलींना जोडण्यात आली. घरगुती संगणक मात्र दीर्घकाळ याबाबत मोकळे होते. विंडोज ९५ व ९८ या आवृत्त्यांत डिस्कवरील फाइलींना अशी यादी नव्हती. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये ती होती. आणि तोच पाया २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर घरोघरी पोहोचला.

नाव नव्हे, क्रमांक

या यादीत माणसाचे नाव नसते, क्रमांक असतो. खाते उघडताच प्रणाली त्यास एक लांबलचक ओळखक्रमांक देते आणि तोच फोल्डरच्या यादीत लिहिला जातो. नव्या संगणकावर त्याच नावाचे, त्याच परवलीच्या शब्दाचे खाते उघडले, तरी त्याचा क्रमांक निराळाच असतो. जुन्या डिस्कच्या दृष्टीने हा नवा मनुष्य परकाच होय.

प्रशासकांच्या गटाचा क्रमांक मात्र विंडोजच्या सर्व संगणकांवर एकच, म्हणजे एस-१-५-३२-५४४ हा आहे, आणि वापरकर्त्याच्या फोल्डरच्या यादीत तो बहुधा असतोच. तरीही नकार का मिळतो? २००७ मध्ये सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या व्हिस्टा या आवृत्तीपासून, प्रशासकाने संगणकात प्रवेश केला म्हणजे त्याच्यासाठी दोन ओळखपत्रे तयार होतात : एक साधे, दुसरे पूर्ण अधिकाराचे. नित्याची कामे साध्या ओळखपत्रावर चालतात. संमती विचारणाऱ्या चौकटीत होकार दिला, तरच दुसरे उपयोगात येते. फोल्डर उघडताना पहाऱ्यावर साधे ओळखपत्र दाखविले गेले. म्हणून दार उघडले नाही.

अधिकार आणि फेरफार

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. जमिनीच्या दप्तरात फेरफार नोंदविणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव प्रत्येक शेतावर लागलेले नसते. परंतु नोंद बदलण्याची सत्ता त्यास असते. प्रशासकाचेही तसेच आहे. सूचनेखालील ‘कंटिन्यू’ हे बटण दाबून संमती दिली, म्हणजे प्रणाली त्या फोल्डरच्या यादीत चालू खात्याची कायमची नोंद करते. यादीत प्रशासकांचा गटच नसेल, तर प्रशासकास फोल्डरची मालकी स्वतःकडे घेता येते, आणि मालकास यादी बदलण्याचा हक्क नेहमीच असतो. दोन्ही प्रकारांत दार फोडले जात नाही. दप्तरात रीतसर फेरफार होतो.

या सत्तेलाही मर्यादा आहे. फाइल कूटबद्ध केलेली असेल, तर मालकी बदलून तिचा उलगडा होत नाही. त्यास मूळ किल्लीच लागते. बिटलॉकरने संपूर्ण डिस्क कूटबद्ध केली असल्यास तीसाठी ४८ अंकी पुनःप्राप्ती-क्रमांक असतो. संगणक चालू असतानाच तो लिहून ठेवावा; यंत्र बंद पडल्यावर तो शोधू गेल्यास सारी छायाचित्रे समोर असून नसल्यासारखी होतात.

उपाय किती करावा?

नकारास कंटाळून काही जण संपूर्ण सी ड्राइव्हवर ‘एव्हरीवन’ या गटास, म्हणजे सर्वांस, पूर्ण अधिकार देऊन टाकतात, किंवा संमतीची चौकटच बंद करतात. हा उपाय सर्वस्वी त्याज्य होय. प्रणालीच्या कित्येक फाइलींची मालकी प्रशासकाकडेही नसते. ती ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ या अंतर्गत सेवेकडे मुद्दाम सोपविलेली असते. कारण संगणकावरील प्रत्येक प्रोग्राम तो चालविणाऱ्याच्या अधिकारानेच वागतो. घातक प्रोग्राम साध्या अधिकाराने शिरला, तर त्या व्यक्तीचे स्वतःचे कागद धोक्यात येतातच. परंतु प्रणालीचा गाभा आणि घरातील इतरांची खाती बहुतांशी बचावतात. सर्व याद्या मोकळ्या केल्यावर हा आडोसा उरत नाही.

म्हणून नकार मिळताच तीन प्रश्न विचारावेत : हे फोल्डर स्वतःच्या कागदांचे आहे की प्रणालीचे? यादीत कोणाची नोंद आहे? फाइली कूटबद्ध आहेत काय? फोल्डर स्वतःचे असेल, तर तेवढ्याच फोल्डरची नोंद बदलावी, कागद नव्या जागी उतरवून घ्यावेत, आणि बाकीच्या याद्यांस हात लावू नये.

सॉल्टझर व श्रोडर या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये माहितीच्या संरक्षणाची जी तत्त्वे मांडली, त्यांत एक असे आहे की, प्रत्येकाने कामापुरताच अधिकार वापरावा. प्रशासकास दिलेली दोन ओळखपत्रे हे त्याच तत्त्वाचे घरगुती रूप होय. पडद्यावरील नकार हा मालकाचा अपमान नव्हे. अधिकार वापरण्यापूर्वी विचार करण्याची ती संधी आहे.